माणशी 400 ग्रॅम भाजी: तुमच्या घरी खरंच होते का?

देठासकट
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या, त्यात दिवसाचं ताट आखून दिलंय. 2000 किलोकॅलरी लागणाऱ्या माणसाला 400 ग्रॅम भाज्या, त्यातल्या 100 ग्रॅम पालेभाज्या, शिवाय 100 ग्रॅम फळं. वाचलं आणि गणित मांडायला बसले. आम्ही चौघं, म्हणजे रोज 1 किलो 600 ग्रॅम. आठवड्याला 11 किलोच्या वर! शनिवारी मंडईतून दोन पिशव्या आणताना खांदे निघतात, तरी कांदे-बटाटे वजा केले तर यातलं निम्मंही भरत नाही.

भाज्या खाव्यात हे मला पटवायला नको. 'पालकात लोह असतं' छाप प्रतिसाद कृपया नकोत, ते शाळेतच पाठ झालंय. मला हवंय ते एवढंच: काय करता, निवडतं कोण आणि केलेलं संपतं का. आमच्याकडे डब्याला एक कोरडी भाजी, रात्री वरण-भात आणि सकाळची उरलेली. पालेभाजी आठवड्यातून एकदा, कारण मेथी घेऊन बसायला रविवारच मिळतो. चिरंजीव सहावीत. बटाटा सोडून प्रत्येक भाजीत त्याला 'काहीतरी' दिसतं आणि ते ताटाच्या कडेला रांगेत लागतं.

पुणेरी_पिशवी
पहिली शंका. बटाटा यात धरायचा का? धरला तर आमचं घर देशात पहिलं येईल.

देठासकट
@पुणेरी_पिशवी, जागतिक आरोग्य संघटनाही किमान 400 ग्रॅमच म्हणते, फळं धरून. पण बटाटा, रताळं वगैरे पिठूळ कंद सोडून. तेव्हा बसा खाली.

पुणेरी_पिशवी
म्हणजे एकादशीला भोपळाच. शब्दशः.

माजघर
लाल भोपळा म्हणत असाल तर उत्तमच की. तुपात जिऱ्याची फोडणी, भोपळ्याच्या फोडी, दाण्याचं कूट, चवीला गूळ. उपासाला चालतो, भाजीत मोजला जातो आणि निवडायला काही नाही.

कडक_भाकर
देठासकट, तुमचं गणित गॅसवर अडकलंय. सगळं शिजवायचं धरलं की 400 ग्रॅम डोंगर वाटतो. आमच्या सोलापूरकडे ताटात भाजी दोन-तीनदा येते आणि त्यातली एक चुलीवर चढतच नाही. घोळाणा.

मेथी कोवळी हवी, बारीक पानांची. जून मेथीचा घोळाणा कडवट होतो, त्या वाटेला जाऊ नका. पानं खुडून दोन-तीन पाण्यांतून धुवायची आणि फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करायची. इथे घाई केली की पुढचं सगळं फसतं. कांद्याची पात बारीक चिरून, जाडसर दाण्याचं कूट, ठेचलेली हिरवी मिरची नाहीतर लाल तिखट, आणि वरून कच्चं तेल, करडईचं मिळालं तर सोनं. मीठ अगदी पानावर बसताना. आधी घातलंत तर पाला मान टाकतो आणि तळाला पाणी साचतं. मेथी चिरायची की अख्खी ठेवायची यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्ष भरपूर खातात. कडक भाकरीबरोबर चार माणसांत एक जुडी कुठे जाते कळत नाही, आणि अजून मुख्य भाजी यायचीच असते.

करडईच्या कोवळ्या पाल्याचा, हरभऱ्याच्या शेंड्यांचाही करतात. हरभऱ्याला अंगचीच आंब असते, त्यात लिंबू नको.

नवलकोल
घोळाणा! इथे म्युनिकमध्ये बसून तोंडाला पाणी सुटलं. मेथी मिळते, पण भारतीय दुकानात, गोठवलेली, विटेच्या आकारात. तिचा घोळाणा कुठला.

इकडची एक गंमत सांगते. नवलकोल भारतात असताना माझ्या आईशिवाय कोणी आणताना पाहिला नव्हता. इथे तो घरोघरी. पण लोक दुकानातच पाला पिरगळून काढतात आणि टोपलीत टाकून नुसता गड्डा घेऊन जातात. मी तो पाला ठेवून घेते. मुळ्याचा पण. शिरा काढून बारीक चिरायचा, लसूण-मिरचीची फोडणी, मूठभर भिजवलेली मूगडाळ. मुळ्याच्या पाल्यावर वरून बेसन पेरते. स्विस चार्ड नावाची भाजी असते, बीटच्या पाल्याची बहीण, तिची ताकातली पातळभाजी चाकवताच्या जवळ जाते. अगदी चाकवत नाही. पण जानेवारीत बाहेर बर्फ असताना कोण हट्ट करणार?

गोठवलेल्या भाज्यांना नाक मुरडू नका हेही सांगायचं होतं. मटार, पालक, फरसबी तोडल्यावर लगेच गोठवतात, त्यामुळे जीवनसत्त्वं बरीच टिकतात. फ्रीजच्या खणात आठवडाभर पिवळी पडत गेलेली जुडी काही फार सात्त्विक नसते.

कॉटबेसिस
पुण्यात कॉट बेसिसवर राहतो, जेवण मेसचं. मेसच्या भाजीचं वेळापत्रक: सोमवारी बटाटा रस्सा, मंगळवारी बटाटा-वाटाणा, बुधवारी बटाटा-फ्लॉवर (फ्लॉवर पाहुणा कलाकार). कोशिंबीर म्हणजे काकडीच्या चार चकत्या, त्याही रविवारी. माझ्याकडे गॅस नाही, फ्रीज नाही. एक सुरी आणि एक डबा आहे. यात काय बसतं?

थेंबभर_लिंबू
@कॉटबेसिस, बरंच बसतं. मी रुग्णालयात आहार सल्लागार आहे, तुझ्यासारखी मुलं खूप येतात.

गाजर, काकडी, टोमॅटो, मुळा, कांदा, सिमला मिरची. थंडीत यातलं बरंचसं फ्रीजशिवाय दोन-तीन दिवस राहतं. रोज दोन गाजरं नि एक काकडी धुऊन, कापून डब्यात टाकलीस तरी 200 ग्रॅमच्या पुढे गेलास. मोड आलेली मटकी किंवा मूग विकत मिळतात, त्यात कांदा-टोमॅटो-लिंबू. फक्त कच्चे मोड चांगल्या ठिकाणचे घे, वास आला तर टाकून दे आणि शक्यतो मेसमधून उकळतं पाणी मागून त्यात दोन-चार मिनिटं ठेव.

फळांत पेरू आणि केळी. केळ्याला सुरीसुद्धा लागत नाही. पेरूबद्दल मी सगळ्यांनाच सांगते, कारण आजारी माणसाला भेटायला जाताना लोक महागडी कीवी घेऊन जातात. 100 ग्रॅम पेरूत साधारण 200 मिलीग्रॅम क जीवनसत्त्व असतं. संत्र्यात 50 च्या आसपास. आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज 80 च्या आतबाहेर. गाडीवरचा अर्धा पेरू, तिखट-मीठ लावून (मीठ बेताने), झालं काम.

देठासकट यांनी लोहाचं बोलू नका म्हटलंय, तरी एकच: भाजीतलं लोह अंगी लागायला सोबत आंबट लागतं. ताटात डाव्या बाजूला लिंबाची फोड असते ती पिळा, नुसती शोभेला ठेवू नका. आणि जेवण झाल्या झाल्या चहा नको, तासभर थांबा. चहाने तेच लोह अडतं.

पुणेरी_पिशवी
जेवणानंतरचा चहा काढून घेतलात. आता धागा हिंसक होणार.

आठळी
कुडाळकडची. आमच्या परसात शेवगा आहे आणि सगळे शेंगांकडे बघत बसतात. पाला मात्र गोकुळाष्टमीला आठवतो, आंबोळ्यांबरोबर भाजी करायला. खरं तर 100 ग्रॅम पाल्यात 300 मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, गाईच्या दुधात 120 च्या आसपास. आणि ते झाड काही मागत नाही, तोडाल तितकं फुटतं.

निवडायचा कंटाळा म्हणाल तर शेवग्याची युक्ती सोपी. डहाळ्या संध्याकाळी तोडायच्या, जुन्या सुती कापडात घट्ट गुंडाळून ठेवायच्या. सकाळी कापड उघडून डहाळी झटकायची, पानं आपोआप गळतात. राहिलेल्या काड्या तेवढ्या वेचायच्या, त्या दाताखाली येतात. मग तेलात कांदा, मिरची, भिजवलेली मूगडाळ, पाला, आणि उतरवताना ओलं खोबरं. आमच्यात झाकण ठेवत नाहीत, कडू होते म्हणतात.

कंटाळा या विषयातलं अंतिम टोक म्हणजे केळफूल. एकेक फूल हातात घेऊन आतला कडक दांडा आणि त्याच्या बुडाशी असलेलं पारदर्शक खवलं काढायचं. बोटं काळी होतात, आधी तेल लावून घ्यायचं. चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात. मी वर्षातून दोनदा करते आणि घरातल्यांनी न बोलता खावी अशी अपेक्षा ठेवते. त्यापुढे मेथी म्हणजे सुट्टी आहे हो.

देठासकट
कापडाची युक्ती आजच करून बघणार, खाली सोसायटीत शेवगा आहे. पण 'निवडतं कोण' याला कुणी हातच लावला नाही. आठळीताईंनी लावला तोही स्वतःचाच.

सांडगा
मी लावते. आमच्याकडे ठराव पास झालाय: टीव्ही बघायचा असेल तर हात रिकामे नकोत. वीस षटकांच्या एका डावात नवरा आणि मुलगी मिळून दोन जुड्या मेथी आणि अर्धा किलो गवार संपवतात. सुरुवातीला देठ इतके लांब ठेवायचे की भाजी खाताना वैरण आठवायची. मी काही बोलले नाही, तीच भाजी वाढली. पुढच्या सामन्यापासून देठ आपोआप आखूड.

निवडलेली मेथी धुवायची नाही. कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात, तीन-चार दिवस छान राहते. धुवायची ती भाजी करायच्या आधी.

माजघर
आता माझंही ऐका. ताटाची डावी बाजू विसरलीत सगळे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, मग पुढे उजवीकडे भाज्या नि आमटी. एका जेवणात भाजीचे चार-पाच प्रकार थोडे थोडे यायचे, कुठल्याच एकाचा डोंगर नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची चटणी तीळ घालून, आमटीत शेवग्याच्या शेंगा किंवा मुळा, पालेभाजीत मुळ्याचे तुकडे. काकडीची खमंग काकडी. नुसती एक भाजी नि पोळी हे डब्याचं जेवण झालं.

ऋषीपंचमीची भाजी आठवा. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून परसातलं आणि वेलावरचं: अळू, माठाचे देठ, लाल भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, सुरण, मक्याचं कणीस, आंबट चुका. एका पातेल्यात. मसाला नाही, फोडणी नाही. तरी लोक वाटी पुढे करून मागतात. मग वर्षातून एकदाच का? मी ती श्रावणापासून दिवाळीपर्यंत अधूनमधून करते. अळू असेल तर चुका किंवा चिंच हवीच, नाहीतर घसा खवखवतो. आणि हो, संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगीची भाजी. पावटे, सोलाणे, वांगं, गाजर, बोरं, तिळाचं कूट. हिवाळ्यात बाजारात जे जे चांगलं ते एका कढईत, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी नि लोणी.

सांडगा
माजघरताई, पदार्थ मान्य. पण 'ताटात चार-पाच प्रकार यायचे' याचा दुसरा अर्थ घरातली एक बाई सकाळी सहापासून चार-पाच प्रकार करायची. आणि ती शेवटी जेवायला बसली की आमटीतली शेंग संपलेली असायची. ते ताट मला हवंय, ती वाटणी नको.

माजघर
हे खरं आहे. माझ्याच घरचं आहे. म्हणून तर मी एका पातेल्यातल्या भाज्या सांगते.

शेकडा
जुन्नर तालुक्यातला शेतकरी. मेथी, कोथिंबीर, शेपू करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मेथी महिन्याभरात तयार होते म्हणून लोकांना सोपी वाटते. पण पाऊस लागून बसला की पाला सडतो, आवक घटते आणि तुम्हाला जुडी महाग पडते. मग सगळे मेथी टाकतात. महिन्याने सगळ्यांची एकदम निघते आणि शेकड्याला (आमच्याकडे पालेभाजी शंभर जुड्यांच्या भावाने जाते) काढणीची मजुरीही सुटत नाही. जुड्या रस्त्यावर टाकल्याचे फोटो तुम्ही बघता ते तेव्हाचे.

सांगायचं एवढंच की ज्या आठवड्यात जे स्वस्त तेच भरपूर घ्या. यादी घरून करून येऊ नका, बाजार बघून करा. ऑगस्टमध्ये मेथीचा हट्ट धरायचा आणि समोर पडवळ, दोडका, काकडी, भोपळा उभा असताना 'भाज्या महाग झाल्या' म्हणायचं, हे काही बरोबर नाही. पावसाळ्यात वेलाचं खा, थंडीत पाल्याचं. थंडीत पाला कोवळा आणि गोड असतो, तुमच्या घोळाण्याला तोच लागतो.

आणि धुण्याबद्दल. पालेभाजी वाहत्या पाण्यात तीन वेळा धुवा. नुसती बुडवून काढू नका. माती तळाला बसते, तेव्हा भाजी वर उचलून घ्यायची, पाणी ओतून द्यायचं नाही. चिरून मग धुणारे पण बघितलेत, त्यात सत्त्व पाण्याबरोबर जातं.

कडक_भाकर
शेकडा, पाणी न ओतता भाजी उचलायची हे लाखमोलाचं. आमच्याकडे हरभऱ्याचा पाला धुवायला विरोध होतो, आंब जाते म्हणून.

शेकडा
आंब जाऊ द्या. शेतात फवारणी काय झाली ते तुम्हाला माहीत नसतं. घरच्या कुंडीतला असेल तर तुमची मर्जी.

वऱ्हाडी_ठेचा
सगळे पश्चिमेकडचेच बोलून राहिले. आंबाडी कोणी घेतली नाही! ज्वारीच्या कण्या किंवा तांदळाची कणी, थोडी तुरीची डाळ, आंबाडीचा पाला उकडून घोटायचा, वरून तेलात लसूण आणि लाल मिरची कडकडीत. कच्चं तेल पण चालते काही घरी. एका भांड्यात भाजी, डाळ, धान्य सगळंच. आणि आमची डाळभाजी, पालकाची जुडी तुरीच्या वरणात. ज्याला भाजी आवडत नाही त्याला वरण म्हणून वाढा, विचारत नाही.

देठासकट
@वऱ्हाडी_ठेचा, चिरंजीवांना हे करून पाहिलं आहे. हिरवं वरण दिसलं की चौकशी समिती बसते.

वऱ्हाडी_ठेचा
मग लपवू नका ना. सहावीतला पोरगा आहे, मंडईत न्या आणि त्यालाच एक भाजी निवडू द्या. नियम एकच, बटाटा नाही. आमच्या भाच्याने पहिल्यांदा कारलं घेतलं, कारण दिसायला मगरीसारखं. तळून कुरकुरीत काचऱ्या केल्या. खाल्ल्या त्याने. प्रेमात पडला असं नाही, पण 'काहीतरी' म्हणणं बंद झालं.

पुणेरी_पिशवी
फळांबद्दल एक. आमच्या वडिलांना सकाळी मोसंबीचा रस लागतो, ग्लास भरून. हे फळात मोजायचं का? त्यांना साखर आहे.

थेंबभर_लिंबू
नाही. गाळलेल्या रसात चोथा जातो आणि तीन-चार मोसंब्यांची साखर एका दमात पोटात जाते. एक मोसंबी सोलून फोडी खायला द्या. साखर असली तरी बहुतेकांना फळ चालतं, प्रमाणात, अख्खं. किती ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

तसंच अजून दोन गोष्टी, कारण असे धागे वाचून लोक उत्साहात येतात. रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, एकदम बंदही करू नका. त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचं गणित बदलतं. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे भाज्या-फळांचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. बाकीच्यांनी खुशाल खा.

नवलकोल
देठासकट, तुमच्या 1 किलो 600 ग्रॅमचं काय झालं मग?

देठासकट
मांडून बघितलं. दुपारच्या डब्यात भाजी माणशी 120 ग्रॅमच्या आसपास, तीच थोडी वाढवता येईल. त्यात गाजर-काकडीचा छोटा डबा. रात्री वरणात जुडी, आणि एक कोशिंबीर किंवा घोळाणा. कच्च्याचं वजन धरायचं हे लक्षात आलं की शिजून एवढीशी झालेली पालेभाजीही मोठी वाटते. 400 रोज होईल असं म्हणत नाही, 300 च्या घरात जाऊ. पुढच्या सामन्याच्या दिवशी नवऱ्यासमोर गवार ठेवणार आहे, त्याला अजून माहीत नाही.

कॉटबेसिस
गाजर-काकडी सुरू केली. रूममेट मागतो म्हणून आता दुप्पट आणतो. एक प्रश्न: बीट कच्चं खाल्लं तर चालतं का? शिजवायला काही नाही.

आठळी
चालतं. साल काढून किसायचं, दही, मीठ, चिमूटभर साखर, दाण्याचं कूट. दही खायच्या वेळीच घाल. आणि दुसऱ्या दिवशी लाल दिसलं तर घाबरू नकोस, बीटच असतं.

कॉटबेसिस
किसणी नाही.

सांडगा
मेसच्या काकूंकडे असणार. त्यांना अर्धं बीट दे, किसूनही मिळेल आणि कदाचित बुधवारच्या फ्लॉवरला सोबतही होईल.